चीनच्या भिंतीआधीच्या भिंती : नऊ दिवसांची भटकंती

दिवस पहिला : जीनान

पुतणी इथे वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विमानतळावर घ्यायला आली आणि टॅक्सीत बसल्या बसल्या म्हणाली, "काका, सगळं जग भिंत बघायला बीजिंगला जातं. तुम्ही शान्तुंगात कशाला उतरलात?"

फोटोंत दिसते ती विटांची, बुरुजांची भिंत मिंग काळातली. आपल्याकडे बहमनी आणि मग निजामशाही-आदिलशाही नांदत होती, साधारण तोच काळ. मला पाहायच्या होत्या त्या तिच्याहून दीड-दोन हजार वर्षं जुन्या. तेव्हा चीन एक नव्हता. छी, चू, यान, हान, झाओ, वेई, छिन ही सात मोठी राज्यं, आणि त्यांच्या सांदीकोपऱ्यात लू, झोंगशान अशी लहान. सगळे, नावाला का होईना, एकाच झोऊ राजाचे मांडलिक. लिपीचं मूळ एक, सोयरिकी एकमेकांत. आणि पहिल्या लांबलचक भिंती उभ्या राहिल्या त्या या सोयऱ्याधायऱ्यांच्या शेतांमधून. उत्तरेच्या घोडेस्वारांना अडवायला चीनने भिंत बांधली, एवढंच आपण शाळेत शिकलो. त्याआधीची गोष्ट मला पायांनी चालून बघायची होती.

रात्री वसतिगृहाबाहेरच्या गाडीवर ज्येनबिंग खाल्लं. बहिर्गोल लोखंडी तव्यावर पीठ पसरून कागदासारखं पातळ भाजतात. उपड्या खापरावरचे मांडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हात कसा फिरतो ते सांगावं लागणार नाही.

दिवस दुसरा : ग्वांगली

जीनानच्या नैर्ऋत्येला छांगछिंग भागात ग्वांगली नावाचं गाव आहे. छी राज्याची भिंत इथे सुरू होते आणि ताई पर्वताच्या रांगेवरून चढत-उतरत थेट छिंगदावजवळ पिवळ्या समुद्राला भिडते. सुमारे 640 किलोमीटर.

गाडीतून उतरलो तर समोर हिरवा गहू. गव्हातून एक बुटका, झुडपांनी माखलेला उंचवटा गेलेला. पुतणी इकडेतिकडे पाहत म्हणाली, "कुठाय?" मी म्हटलं, "त्याच्याकडेच बघते आहेस."

मी मराठवाड्यातला. आमच्या गावात पांढऱ्या मातीची गढी होती. लहानपणी तिच्या अंगावरून घसरगुंडी खेळलो आणि दरवर्षी धाब्यावर टाकायला लोक तिचीच माती टोपल्यांनी नेताना पाहिले. आज तिथे एक कोपरा उरलाय. त्यामुळे मातीची भिंत म्हातारी झाली की कशी दिसते, ते मला ओळखता येतं.

एका बाजूने उंचवटा ढासळून कापल्यासारखा उघडा पडला होता. हात लावायचा नाही असा फलक आहे, म्हणून फक्त डोळा जवळ नेला. थरावर थर. एकेक थर चार-पाच बोटं जाड, वह्यांची चळत रचावी तसे. मधूनच एखाद्या थराच्या माथ्यावर वाटीच्या बुडासारखे गोल, उथळ खळगे. ते धुमसाचे ठसे. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या, मध्ये ओलसर माती टाकायची, धुमसाने चोपून दगडासारखी बसवायची, की फळ्या वर सरकवायच्या. पुन्हा माती, पुन्हा चोपणं. त्या खळग्यांपैकी एकेक खळगा म्हणजे कुणा कुणब्याने हात डोक्यावर नेऊन मारलेला एक ठोका. मी मोजायला लागलो आणि हातभर जागेत तीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. 640 किलोमीटर!

बांधावर एक म्हातारबाबा बसले होते. पुतणीने विचारलं, तर म्हणाले, लहानपणी इथे शेळ्या चारायचो, हे इतकं जुनं आहे हे नंतर शहरातून माणसं आली तेव्हा कळलं.

जुनं म्हणजे किती, यावरच आता नवा वाद आहे. त्सिंगुआ विद्यापीठाला 2008 मध्ये मिळालेल्या बांबूच्या पट्ट्यांवर एक इतिहास लिहिलेला आहे. जिन आणि यूए ही राज्यं एकत्र आल्यावर छीने जी नदीपाशी लांब भिंत बांधायला घेतली, असं त्यात म्हटलंय. म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाचा मध्य. पण 2025 च्या सुरुवातीला याच ग्वांगलीतल्या उत्खननाची बातमी आली. इथला सर्वांत जुना भाग पश्चिम झोऊ काळाच्या अखेरीपर्यंत (इ. स. पूर्व आठवं शतक) मागे जातो, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं आहे. तसं असेल तर गोष्ट आणखी काही शतकं मागे सरकते.

इथे इ. स. पूर्व 555 मध्ये झालेल्या लढाईची हकिकत जुन्या बखरीत आहे, ती मी तिथेच उभं राहून पुतणीला सांगितली. जिन राज्य बारा गावचे मित्र जमवून छीवर चालून आलं. छीच्या राजाने इथे खंदक खणून नाकं धरलं. जिनवाल्यांनी काय करावं? जिथे एकही सैनिक नाही अशा टेकड्यांवर निशाणं रोवली. रथात डाव्या बाजूला जिवंत माणूस, उजव्या बाजूला बुजगावणं. मागे झाडांच्या फांद्या बांधून फरफटत नेल्या, की धुरळा उठावा. छीचा राजा टेकडीवर चढला, हे सगळं पाहिलं, त्याचा धीर सुटला आणि रात्रीच फौज घेऊन तो निसटला. पहाटे जिनच्या छावणीत शी क्वांग नावाचा आंधळा दरबारी संगीतकार होता, तो म्हणाला, "पाखरांचा आवाज आनंदी आहे. छीचं सैन्य गेलं." दुसऱ्याने पाहून सांगितलं, "तटावर कावळे बसलेत. गेलंच."

आम्ही गप्प उभे राहिलो. गव्हात चिमण्या होत्या.

दिवस तिसरा : लाइवूची खिंड

आज डोंगर. मातीच्या मुलखात माती आणि डोंगरात दगड, हा या भिंतीचा साधा हिशेब. दूरवरून काही आणायचं नाही. पायाखाली जे असेल ते उचलायचं.

जिनयांगची खिंड लाइवूच्या उत्तरेला आहे. खिंडीतला दरवाजा अलीकडे बांधलेला. तिथे मी दोन मिनिटंही थांबलो नाही. बाजूने वर चढलो की भिंत लागते. सह्याद्रीत फिरणाऱ्याचा हात अशा जागी आपोआप दगडाकडे जातो. चुना नाही, शिसं नाही. बिनघडीचे धोंडे एकमेकांच्या अंगावर रेलून बसवलेले, फटींत चिपा ठोकलेल्या. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांवर रचीव तट असतात, थेट तीच जात.

पण इथे सावध राहावं लागतं. वरच्या कड्यांचा, जंग्यांसारख्या खाचांचा जो भाग नीट उभा दिसतो, तो एकोणिसाव्या शतकात निआन बंडखोरांच्या भीतीने गावकऱ्यांनी डागडुजी केलेला. खालचे काळवंडलेले, शेवाळलेले थर जुने. मला ही जोडणी आवडली. दोन हजार वर्षांनी पुन्हा भीती आली तेव्हा लोकांनी नवी जागा शोधली नाही, पणजोबांच्या पणजोबांच्या तटावरच दगड चढवले. खिंड तीच, भीतीही तिथूनच येणार.

भिंतीच्या दक्षिणेला लू राज्य, कन्फ्युशियसचं. दुपारी ताई रांगेकडे तोंड करून बसलो, तेव्हा खाली दोन्ही बाजूंना सारखीच गावं, सारख्याच पायऱ्यांच्या शेतात लावलेलं आलं-लसूण. अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे भिंत नसती तर डोळ्याला कळलं नसतं.

उतरताना पुतणीने तिला वर्गात ऐकायला मिळालेली मंग ज्यांगन्यूची गोष्ट सांगितली. नवरा वेठीला धरून नेला, थंडीचे कपडे घेऊन बायको शोधत गेली, तो भिंतीत गाडला गेल्याचं कळलं, तिच्या रडण्याने भिंत कोसळली. गोष्टीत बादशहा छिनचा आहे. पण तिचं मूळ इथलं, छी राज्यातलं. इ. स. पूर्व 550 मध्ये छी ल्यांग नावाचा सरदार लढाईत पडला. त्याच्या विधवेला राजाने वाटेतच सांत्वनाचे शब्द बोलले. ती म्हणाली, आमचं घर आहे, समाचाराला घरी या. एवढंच. त्यात ना रडणं, ना भिंत. पुढे कुणी तिला रडवलं, मग तिच्या रडण्याने नगराचा तट पडला, मग थांग काळापर्यंत ती छिनच्या लांब भिंतीपाशी येऊन पोचली. बारा-तेराशे वर्षं लोकांनी त्या एका बाईच्या पदरात आपापलं दुःख टाकलं. आपल्याकडे असती तर जात्यावर बसली असती.

दिवस चौथा : लिन्झ

छीची राजधानी. आता झिबो शहराचा भाग. नगराच्या तटाचा घेर सुमारे 21 किलोमीटर होता. मीठ, मासळी, लोखंड, रेशीम यांवर श्रीमंत झालेलं राज्य. एका राजाच्या थडग्याशेजारी पुरलेले घोडेच सहाशेच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. दोनशेवर खणून काढले, त्यांतले शंभरावर उघडे ठेवलेत, ओळीने, एकाच कुशीवर, सगळ्यांची तोंडं एकीकडे. ते फार वेळ पाहवत नाही.

मला मात्र तटाखालचा पाण्याचा निचरा पाहायचा होता. दगडी मोरी तीन थरांत बांधलेली. आत दगड असे मागे-पुढे मांडलेत, की पाणी वळणं घेत बाहेर जातं आणि माणसाला सरपटत आत येता येत नाही. गुडघ्यावर बसून टॉर्च मारला तर उजेडही दुसऱ्या दगडावर अडला. एवढं बारीक डोकं ज्यांनी मोरीत घातलं, त्यांच्या 640 किलोमीटरच्या भिंतीचं काय झालं?

इ. स. पूर्व 404 मध्ये जिनमधून फुटून निघालेल्या घराण्यांनी (हान, झाओ, वेई) ती ओलांडली. त्यांतल्या हान घराण्याच्या प्याओ छ्यांग नावाच्या अधिकाऱ्याने या पराक्रमासाठी काशाच्या घंटा ओतवल्या आणि त्यांवर कोरवलं, की आम्ही लांब भिंतीच्या आत शिरलो. "लांब भिंत" हे शब्द इतके जुने, आणि लिहून ठेवणारा ती फोडणारा! त्या घंटा आज क्योटो आणि टोरोंटोत आहेत. आणि शेवट त्याहून विलक्षण. इ. स. पूर्व 221 मध्ये छिनचं सैन्य आलं ते यान जिंकून उत्तरेकडून. भिंत दक्षिणेला. छीच्या राजाने न लढता शरणागती पत्करली. भिंतीला त्या दिवशी कुणी हातही लावला नाही.

दिवस पाचवा : रेल्वेत

जीनान ते शिआन, दिवसाचा मोठा भाग खिडकीत. झेंगझौ मागे पडताना दक्षिणेच्या क्षितिजाकडे बोट दाखवून मी पुतणीला चू राज्याची गोष्ट सांगितली. इ. स. पूर्व 656 मध्ये छीच्या ह्वान राजाने मित्रफौजा गोळा करून चूवर दबाव आणला, तर चूचा दूत शांतपणे म्हणाला, फांगछंग हा आमचा तट आणि हान नदी हा आमचा खंदक; तुमची फौज कितीही असली तरी उपयोग काय? हे फांगछंग डोंगर होतं की बांधलेली भिंत, यावर अभ्यासक अजून भांडतात. बांधलेलं असेल तर चूची भिंतही सगळ्यांत जुन्यांतली. ह्वान राजा मात्र तह करून परतला.

दिवस सहावा : हानछंग

शिआनहून बसने. पिवळी माती, खोल घळी, आणि उतारांवर ह्वाज्याओची झाडं. पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि एकदम कोकणातल्या बांगड्याच्या कालवणाचा वास आला. आपल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड. पुतणीलाही आज्जीचं स्वयंपाकघर आठवलं.

हे पिवळ्या नदीच्या पश्चिमेचं पठार वेई आणि छिन यांनी शंभर वर्षं एकमेकांच्या हातातून ओढलं. आधी वेईने जिंकलं. मग छिन बळावू लागल्यावर वेईच्या ह्वे राजाने इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या मध्यास लुओ नदीच्या कडेने लांब भिंत घातली. तिचे तुकडे हानछंगच्या शेतांत उभे आहेत. इथली माती चोपली की लोखंड होते. ग्वांगलीपेक्षा भिंत सरळ, कडा अजून ताठ. वर बाभळीसारखी काटेरी झुडपं, पोटात पाखरांची बिळं.

या भिंतीचं पुढे जे झालं ते मला फार लागलं. शांग यांग नावाचा हुशार माणूस वेईतच नोकरीला होता. म्हाताऱ्या मंत्र्याने मरताना राजाला सांगितलं, याला मोठं पद द्या, नाही तर जिवंत सोडू नका. राजाने दोन्ही ऐकलं नाही. शांग यांग छिनला गेला, तिथला कारभार त्याने मुळापासून बदलला, आणि इ. स. पूर्व 340 मध्ये फौज घेऊन वेईवर आला. समोर सेनापती म्हणून त्याचा जुना मित्र, राजपुत्र आंग. शांग यांगने चिठ्ठी पाठवली, आपण दोस्त, लढायचं कशाला, एकत्र दारू पिऊ आणि तह करू. मित्र आला. त्याला जेवणावरच पकडलं आणि सेनापती गेलेल्या फौजेची वाताहत केली. दहा वर्षांत वेईने नदीच्या पश्चिमेचा मुलूख छिनला लिहून दिला. भिंत उभीच होती. ती आता शत्रूच्या शेतात होती, इतकंच.

हे सगळं आपल्याला ज्याच्यामुळे ठाऊक आहे, तो इतिहासकार सिमा छ्येन याच हानछंगचा. टेकडीवर त्याचं देऊळ आहे. उभ्या दगडी पायऱ्या चढून गेलं की मागे विटांनी बांधलेली गोल समाधी, आणि समाधीच्या माथ्यातून उगवलेला पाच फांद्यांचा जुनाट सुरू. पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून छिननंतरच्या हान घराण्यातल्या (सात राज्यांतलं हान ते वेगळं) सम्राटाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली. ग्रंथ पुरा करायचा होता म्हणून ती लाज घेऊन तो जगला. मी पायातले बूट काढले. तशी तिथे पद्धत नाही, पण मला घालून उभं राहवेना. पुतणीनेही काढले.

दिवस सातवा

काल रात्री एका हॉटेलने परदेशी पासपोर्ट बघून खोली नाकारली. दुसरी मिळेपर्यंत अकरा वाजले. आज शिआनला परत आणि रात्रीची उत्तरेची रेल्वे. मधल्या बर्थवर चांगली झोप लागली.

दिवस आठवा : बाओथौ

हवा कोरडी, ओठ फुटतात. शहराच्या उत्तरेला यिन पर्वताची रांग आडवी उभी, आणि तिच्या पायथ्याशी झाओ राज्याची भिंत. जतन केलेला पट्टा आहे, पण दिसायला ग्वांगलीहूनही नम्र. गवताळ वरंबा, जागोजाग पावसाने फोडलेला.

झाओचा वूलिंग राजा मोठा विलक्षण माणूस. उत्तरेचे लोक घोड्यावर बसून बाण मारतात आणि आपण लांब झगे घालून रथात बसतो, हे त्याला पटेना. इ. स. पूर्व 307 मध्ये त्याने दरबाराला विजारी घालायला लावल्या. चुलता आजारपणाचं निमित्त करून घरी बसला. राजा स्वतः त्याच्या घरी गेला, समजूत काढली, आणि दुसऱ्या दिवशी चुलता विजार घालून दरबारात आला. त्या घोडदळाने राजाने लिनहू, लोउफान या टोळ्यांची कुरणं घेतली आणि घेतलेल्या कुरणांच्या पलीकडच्या कडेला भिंत घातली.

हे जागेवर उभं राहिल्याशिवाय माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. ग्वांगलीत भिंतीच्या दोन्ही अंगांना शेत होतं. इथे भिंतीच्या आतही मुळात गवतच होतं. ही घराच्या अंगणाची कड नव्हे. दुसऱ्याच्या रानात जाऊन घातलेलं कुंपण आहे. यानने ईशान्येला हेच केलं, छिनने वायव्येला हेच केलं. आपापसात भिंती घालून हात बसलेला होता, तोच पुढे उत्तरेत वापरला.

वूलिंगचा अंत वाईट झाला. मुलांच्या भांडणात इ. स. पूर्व 295 मध्ये त्याला वाड्यातच कोंडलं. चिमण्यांची पिल्लं घरट्यांतून काढून खात तो तीन महिने जगला, मग उपासमारीने गेला.

दिवस नववा : गूयांग

सकाळी राळ्याची पेज. राळ्याला इथे श्याओमी म्हणतात, आणि त्या काळच्या सैनिकांचं नि वेठकऱ्यांचंही पोट याच दाण्यावर भरे. मग डोंगर ओलांडून गूयांग.

इथे ती भिंत आहे जी शेवटी "चीनची भिंत" झाली. इ. स. पूर्व 221 मध्ये सगळी राज्यं छिनने गिळली. पहिल्या सम्राटाने एका शिलालेखात अभिमानाने कोरवलं, की मी जुने तट पाडले, नद्यांवरचे बांध फोडले, मधले अडथळे सपाट केले. म्हणजे आतल्या भिंतींचं काम संपलं. उत्तरेच्या मात्र ठेवल्या, जोडल्या आणि पुढे नेल्या. मंग थ्येन या सेनापतीला तीन लाख माणसं दिली.

उघड्या, झाडाविना डोंगरावर भिंत एका माथ्यावरून दुसऱ्यावर जाते. काळ्या-तांबूस चपट्या फरशा, एकावर एक आडव्या रचलेल्या. बाहेरच्या अंगाने काही ठिकाणी दोन पुरुष उंच, आतून कमी. वाऱ्याने उभं राहवेना, म्हणून तिच्याच आडोशाला बसलो. कानाशी दगड होते. दोन मोठ्या फरशांच्या फटीत कुणीतरी तळहाताएवढी चीप सारली होती, बरोबर त्या फटीच्या मापाची. लाइवूला पाहिली होती तशीच. माझ्या मनात आलं, छी जिंकल्यावर तिथलेच गडी इथे हाकून आणले नसतील कशावरून? पुरावा काही नाही. पण ती चीप मी बराच वेळ पाहत राहिलो.

तिथे बसून पुतणीला मोबाइलवर सिमा छ्येनचा मजकूर काढायला सांगितला आणि तिने अडखळत मला मराठीत सांगितला. सम्राट मेल्यावर मंग थ्येनला मरायला भाग पाडलं. तो म्हणाला, माझा गुन्हा काय? मग म्हणाला, लिनताओपासून ल्याओतुंगपर्यंत भिंत घालताना मी जमिनीची शीर कुठेतरी तोडली असेल, तोच गुन्हा. आणि विष घेतलं. सिमा छ्येन स्वतः या सीमेवर येऊन गेला होता. त्याने हे शिरेचं म्हणणं मान्य केलं नाही. तो लिहितो, मी मंग थ्येनने बांधलेली ठाणी पाहिली. डोंगर फोडले, दऱ्या भरल्या, लोकांच्या कष्टांची किंमत हलकी धरली. युद्ध नुकतं संपलं होतं, जखमा भरल्या नव्हत्या, म्हाताऱ्यांना आणि पोरक्या मुलांना बघायची वेळ होती. नामांकित सेनापतीने तेव्हा सम्राटाला सांगायला हवं होतं. त्याने भिंत बांधली. त्यात जमिनीच्या शिरेचा काय दोष?

"काका, हे त्याने त्या हान सम्राटाच्या राज्यात बसून लिहिलं?" पुतणीने विचारलं.

"हो. शिक्षा भोगून झाल्यावर."

ती काही बोलली नाही. मोबाइल खिशात टाकून भिंतीच्या पडक्या भागाकडे पाहत राहिली. तिथून एक मेंढपाळ वर येत होता. मेंढरं त्या खिंडारातून एकेक करून आत शिरायला लागली. तो दगडावर काठी टेकून पुटपुटत मोजत होता, आणि जरा वेळाने पुतणीही त्याच्याबरोबर चिनीत मोजायला लागली.